क्लाउडमधल्या भिंती कोणाच्या जबाबदारीवर?

सीताबर्डी, नागपूर (प्रतिनिधी) : महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजेच एमआयडीसीची संगणक यंत्रणा २१ मार्च २०२१ रोजी, रविवारी पहाटे कोलमडली. 'सिनॅक' या नावाच्या खंडणीखोर विषाणूने मुंबईच्या मुख्यालयातील सर्व्हरवरची माहिती कुलूपबंद केली आणि निरनिराळ्या कार्यालयांतील काही संगणकांनाही त्याची लागण झाली. हिंगणा आणि बुटीबोरी येथील उद्योजक भूखंडासाठी, पाण्यासाठी आणि परवानग्यांसाठी ज्या महामंडळाच्या दारी जातात, त्याची राज्यभरातील प्रादेशिक कार्यालये त्यामुळे हातावर हात ठेवून बसली. हल्लेखोरांनी पाचशे कोटी रुपये मागितल्याच्या बातम्या झळकल्या. खंडणीच्या पत्रात रकमेचा थेट उल्लेख नाही, असे महामंडळाने स्पष्ट केले, तरी पुढचे अनेक दिवस चर्चा त्या आकड्याभोवतीच फिरत राहिली.

महामंडळाने त्या वेळी दिलेल्या निवेदनात एक साधे वाक्य होते, त्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. वेगवेगळ्या ॲप्लिकेशन सर्व्हरचे बॅकअप क्लाउडवर, जाळ्याच्या निराळ्या विभागात ठेवलेले होते आणि त्यांना लागण झाली नाही, असा त्याचा आशय होता. महामंडळाची काही यंत्रणा स्वतःच्या सर्व्हरवर होती, तर काही 'ईएसडीएस' या नाशिकच्या कंपनीच्या क्लाउडवर. विषाणूविरोधी सॉफ्टवेअरचा परवानाही होता. तो असूनही आग लागली. पसरता पसरता ती एका भिंतीपाशी थांबली आणि त्या भिंतीपलीकडे बॅकअप होते. आज क्लाउडची भाषा बोलणाऱ्या प्रत्येक संस्थेने पाचशे कोटींच्या आकड्यापेक्षा या भिंतीचा विचार करायला हवा.

ही भाषा आता केवळ मोठ्या कंपन्यांची राहिलेली नाही. बर्डीवरच्या व्यापारी संकुलांतून फिरल्यास पतसंस्था, पॅथॉलॉजी, शिकवणी वर्ग, सनदी लेखापालांची कार्यालये आणि कापडाच्या पेढ्या एकमेकींना खेटून उभ्या दिसतात. दहा-बारा वर्षांपूर्वी यांतील प्रत्येकाकडे एखाद्या कपाटात किंवा जिन्याखाली घरघरणारा सर्व्हर असे. तो बिघडला की मोदी नंबरच्या गल्ल्यांतून माणूस बोलावला जाई. आता तो सर्व्हर 'क्लाउडवर गेला' आहे. ॲमेझॉनने मुंबईत आपले केंद्र जून २०१६ मध्ये सुरू केले, त्याआधी २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुण्यात केले होते आणि २०१७ मध्ये गुगलही मुंबईत आले. माहिती देशातच राहते, वीज गेल्याची चिंता नाही आणि महिन्याचे बिल परवडते. स्थलांतर त्यामुळे वेगाने झाले. परंतु 'क्लाउडवर गेलो म्हणजे सुरक्षित झालो' हा जो समज त्याबरोबर पसरला, तो बराचसा चुकीचा आहे.

खासगी जाळे म्हणजे नेमके काय?

क्लाउड पुरविणारी कंपनी इमारत सांभाळते. वीज, वातानुकूलन, यंत्रे, दारावरचा पहारेकरी आणि एका ग्राहकाची माहिती दुसऱ्याला दिसू नये याची तजवीज ही तिची जबाबदारी. आपल्या वाट्याला आलेल्या गाळ्याच्या आत काय मांडायचे, कोणत्या खोलीला दार ठेवायचे आणि किल्ली कोणाला द्यायची, हे ग्राहकाने ठरवायचे असते. ही विभागणी करारात स्पष्ट लिहिलेली असते. करार वाचणारे थोडे, ही गोष्ट वेगळी.

या गाळ्याला खासगी आभासी जाळे म्हणतात. ॲमेझॉनने ही सोय ऑगस्ट २००९ मध्ये प्रथम दिली. त्याआधी सर्व ग्राहकांची यंत्रे एकाच मोठ्या सपाट जाळ्यात शेजारी शेजारी असत. खासगी जाळ्यात ग्राहकाला स्वतःची पत्तावली मिळते. घरगुती राउटरवर १९२.१६८ ने सुरू होणारे आकडे अनेकांनी पाहिले असतील. खासगी वापरासाठी राखून ठेवलेल्या आकड्यांच्या तीन पट्ट्यांपैकी ती एक पट्टी आहे. १० ने सुरू होणारे आकडे ही दुसरी आणि १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतची तिसरी. १९९६ पासून जगभर हीच वाटणी चालत आली आहे. हे पत्ते इंटरनेटवर चालत नाहीत, चार भिंतींच्या आतच चालतात.

समजा, एका पतसंस्थेने १०.०.०.०/१६ अशी पट्टी घेतली. तिरप्या रेषेनंतरचा आकडा पत्त्याचा किती भाग कायम राहणार ते सांगतो. सोळा म्हटले की ६५,५३६ पत्ते हाती येतात. या पट्टीचे /२४ च्या मापाने तुकडे पाडले, तर प्रत्येकी २५६ पत्त्यांचे २५६ तुकडे होतात. असा प्रत्येक तुकडा म्हणजे एक सबनेट. ॲमेझॉनवर त्यांतील पाच पत्ते कंपनी स्वतःकडे ठेवते, म्हणजे वापरायला २५१ उरतात. हिशेब शाळेतल्या गणिताहून अवघड नाही. अवघड आहे ते कोणते यंत्र कोणत्या तुकड्यात बसवायचे हे ठरविणे.

नेहमीची शहाणपणाची मांडणी तीन घरांची असते. बाहेरच्या लोकांना ज्याच्याशी बोलावे लागते, ते संकेतस्थळाचे दार पहिल्या, सार्वजनिक सबनेटमध्ये. खात्यांचे व्यवहार चालविणारे ॲप्लिकेशन दुसऱ्यात, खासगी सबनेटमध्ये. आणि खातेदारांची प्रत्यक्ष माहिती असलेला डेटाबेस तिसऱ्यात, जिथून इंटरनेटकडे रस्ताच जात नाही. सबनेट हा एकाच डेटा केंद्र समूहात राहत असल्यामुळे, एक समूह बंद पडला तरी काम चालावे म्हणून हीच मांडणी दुसऱ्या समूहातही करतात. म्हणजे एकूण सहा सबनेट झाले. बॅकअप याच्याही बाहेर, शक्यतो वेगळ्या खात्यात आणि वेगळ्या किल्लीखाली ठेवायचे.

भिंत काढली, दार उघडेच

गफलत होते ती यापुढे. ॲमेझॉनवर नवे खाते उघडले की प्रत्येक केंद्रात एक तयार जाळे आधीच मिळते, १७२.३१ ने सुरू होणारे. त्यातले सगळे सबनेट सार्वजनिक असतात. ग्राहकाने काहीही न करता यंत्र चालू करावे आणि ते लगेच इंटरनेटशी जोडले जावे, ही सोय त्यामागे आहे. शिकणाऱ्यासाठी ती उत्तम आहे. खातेदारांच्या ठेवींची नोंद ठेवणाऱ्यासाठी मात्र नाही. तरीही असंख्य छोटी कामे याच तयार जाळ्यात उभी राहतात, कारण तेथे काहीच ठरवावे लागत नाही.

ज्यांनी सबनेट पाडले, त्यांच्याही हाती लगेच भिंत येत नाही. एका खासगी जाळ्यातील सर्व सबनेटना एकमेकांकडे जाणारा रस्ता आपोआप मिळतो आणि मार्गाच्या तक्त्यातून ती नोंद काढून टाकता येत नाही. सबनेटच्या वेशीवरचा मूळ नियमसंचही सर्वांना आत-बाहेर मुभा देणाराच असतो. सीताबर्डी इंटरचेंज स्थानकावर ऑरेंज मार्गिकेचा प्रवासी स्थानकाबाहेर न पडता ॲक्वा मार्गिकेच्या फलाटावर जातो. मधे त्याला कोणी अडवत नाही. तसेच हे. कागदावर दोन मार्गिका, प्रत्यक्षात एकच आवार. फरक पडतो तो प्रत्येक यंत्राच्या दारावर लावलेल्या नियमांनी. डेटाबेसच्या दारावर 'फक्त ॲप्लिकेशनच्या गटाकडून आणि फक्त ठरलेल्या एका पोर्टवर' असे लिहिले, की संकेतस्थळ पडले तरी घुसखोर थेट डेटाबेसपर्यंत पोहोचत नाही. हे लिहिले नाही, तर सहा सबनेट पाडा की साठ, अर्थ एकच.

या गावाला हा धडा दोनशे वर्षांपूर्वी मिळालेला आहे. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर रेसिडेंट रिचर्ड जेनकिन्स यांची तुकडी भोसल्यांच्या कितीतरी मोठ्या फौजेसमोर उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी टेकडी अरबांनी जिंकली आणि तेथे हाती आलेली तोफ त्यांनी थोरल्या टेकडीकडे वळवली. दोन ठाणी वेगळी खरी, पण मधली खिंड उघडी आणि एक पडले की त्यातूनच दुसऱ्यावर मारा. ती लढाई शेवटी इंग्रजांनी जिंकली, तो भाग निराळा. संगणकाच्या जाळ्यात पहिले यंत्र हाती लागल्यावर हल्लेखोर हेच करतो. त्याला त्या यंत्राची गरज नसते. तेथून पुढे कोठे पोहोचता येते, ते तो पाहतो.

लहान कार्यालयांच्या बाबतीत हे पहिले यंत्र बहुधा कोणते असते, हेही आता गुपित नाही. हिशेबाचे टॅली क्लाउडवरच्या विंडोज सर्व्हरवर टाकायचे आणि घरून, दुकानातून, लेखापालाच्या कार्यालयातून त्यात 'रिमोट डेस्कटॉप'ने शिरायचे, ही पद्धत बाजारपेठांत रूढ झाली आहे. त्यासाठी ३३८९ क्रमांकाचे पोर्ट साऱ्या जगाला उघडे ठेवले जाते. खंडणीखोर टोळ्यांचे वर्षानुवर्षे आवडते दार हेच राहिले आहे. त्याच सबनेटमध्ये शेजारी बॅकअपचा सर्व्हर असेल, तर सकाळी दोन्ही एकदमच कुलूपबंद झालेले सापडतात.

संसदेत सांगितले गेलेले कारण

विभागणी नसेल तर काय घडते, याचे उत्तर देशाच्या संसदेत नोंदलेले आहे. दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. रुग्णनोंदणी, भेटीच्या वेळा, तपासणीचे अहवाल ही सारी कामे सुमारे दोन आठवडे कागद-पेनावर चालली. दूरच्या राज्यांतून आलेल्या रुग्णांच्या रांगा किती लांबल्या असतील, याची कल्पना एम्सचे आवार पाहिलेल्यांना करता येईल. राज्यसभेत उत्तर देताना तत्कालीन माहिती-तंत्रज्ञान राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर यांनी जे कारण दिले, ते होते जाळ्याची अयोग्य विभागणी. परदेशी हात, अज्ञात टोळी वगैरे चर्चा होत्याच, पण सरकारने तांत्रिक कारण म्हणून बोट ठेवले ते या रचनेच्या दोषावर. हल्लेखोर आत शिरणे हा एक भाग झाला. एका खोलीत शिरलेला माणूस घरभर फिरू शकला, हा दोष घर बांधणाऱ्याचा.

योगायोग असा, की ११ डिसेंबर २०२२ रोजी मिहानमधील नागपूरच्या एम्सचे पंतप्रधानांच्या हस्ते लोकार्पण झाले. विदर्भातील आणि शेजारच्या मध्य प्रदेश, छत्तीसगडमधील रुग्ण या शहरात येतात. खासगी रुग्णालये आणि प्रयोगशाळांचे जाळे तर धंतोली-रामदासपेठेपासून बर्डीपर्यंत पसरलेले आहे. त्या प्रत्येक ठिकाणी रुग्णाचा अहवाल, छायाचित्र आणि मोबाइल क्रमांक कोठल्या ना कोठल्या सर्व्हरवर जातो. तो सर्व्हर कोणत्या सबनेटमध्ये आहे, हा प्रश्न रुग्ण विचारणार नाही. रुग्णालयाच्या विश्वस्तांनी तरी विचारायला हवा.

बँका, पतसंस्था आणि मधली फट

पैशाच्या व्यवहारांत हा विषय महाराष्ट्राला आधीच महागात पडला आहे. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी सुमारे ९४ कोटी रुपये गेले. हल्लेखोरांनी एटीएमचे व्यवहार तपासणाऱ्या यंत्रणेच्या जागी स्वतःची बनावट यंत्रणा उभी केली. बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत विचारणा पोहोचण्याआधीच ती 'पैसे द्या' असे उत्तर देत होती. पहिल्याच दिवशी २८ देशांतील एटीएममधून ७८ कोटी रुपये काढले गेले, देशातल्या एटीएममधून आणखी अडीच कोटी. दोन दिवसांनी स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीमार्फत १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या खात्यात वळते झाले. एटीएम आणि स्विफ्ट ही दोन्ही कामे वेगवेगळी. एकाच घुसखोरीत दोन्हींना धक्का लागला, ही गोष्ट बँकांच्या संगणक विभागांना आजही अस्वस्थ करते.

रिझर्व्ह बँकेने त्यानंतर दोन महिन्यांत, ऑक्टोबर २०१८ मध्ये, नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जारी केली. ३१ डिसेंबर २०१९ रोजी तिचे चार पायऱ्यांत विस्तारित रूप आले. बँक जितकी अधिक डिजिटल, तितकी पायरी वरची आणि अटी कडक. धोरण म्हणून हे योग्यच होते. एका शाखेच्या बँकेवर मोठ्या बँकेचे ओझे टाकण्यात अर्थ नाही. पण एप्रिल २०२३ मध्ये माहिती-तंत्रज्ञानाची कामे बाहेरच्या कंपनीला देण्याविषयी जे सविस्तर निर्देश काढण्यात आले, ज्यांत क्लाउडचा स्वतंत्र विचार होता, त्यांतून नागरी सहकारी बँकांच्या पहिल्या दोन श्रेणी वगळण्यात आल्या. म्हणजे ढोबळमानाने एक हजार कोटींपर्यंत ठेवी असलेल्या बँका. ज्यांच्याकडे स्वतःचा तज्ज्ञ असण्याची शक्यता सर्वांत कमी आणि ज्या बाहेरच्या कंपनीवर सर्वाधिक विसंबून, त्याच या निर्देशांबाहेर राहिल्या. पतसंस्थांचे तर काय सांगावे? त्या रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतच नाहीत. त्यांचा कारभार महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली, सहकार निबंधकांकडे. ठेवी मात्र त्याच गल्लीतल्या, त्याच माणसांच्या असतात.

छोट्या बँका एकाच सेवापुरवठादाराच्या छत्राखाली राहतात तेव्हा काय होते, ते ३१ जुलै २०२४ रोजी दिसले. सहकारी आणि प्रादेशिक ग्रामीण बँकांना तंत्रज्ञान पुरविणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या काही यंत्रणांवर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्याची शक्यता दिसताच, राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने तिला किरकोळ देयक प्रणालींपासून तोडले. सुमारे तीनशे लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार त्यामुळे अडकले आणि दुसऱ्या दिवशी ते पूर्ववत झाले. देशाच्या एकूण देयकांच्या मानाने हे प्रमाण अगदी नगण्य होते. ज्यांचे खाते त्याच एका बँकेत होते, त्यांना ते अर्थातच नगण्य वाटले नसणार. क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीच्या विश्लेषणानुसार हल्ल्याची सुरुवात ब्रॉन्टू टेक्नॉलॉजी सोल्युशन्स या संबंधित कंपनीतील 'जेनकिन्स' या चुकीच्या पद्धतीने मांडलेल्या सर्व्हरपासून झाली. रेसिडेंटसाहेबांचा याच्याशी संबंध नाही. सॉफ्टवेअर जोडणीच्या या साधनाचे नाव तेवढे त्यांच्यासारखे.

पेमेंट महामंडळाची कृती योग्य होती, यात शंका नाही. दार लावले नसते तर नुकसान कोठवर गेले असते, कोण जाणे. पण तीनशे बँकांचे व्यवहार एका दारामागे होते आणि ते दार लावताच तीनशेही बँका बाहेर राहिल्या. येथे भिंत होती, मात्र ती फार मोठ्या आवाराला घातलेली होती. विभागणीचा प्रश्न असा दोन टोकांचा आहे. भिंत नसली की आग घरभर पसरते आणि एकच मोठी भिंत असली की एका खोलीच्या धुरासाठी अख्खे गाव बाहेर काढावे लागते. भिंत आहे की नाही, यापेक्षा ती कोठे आहे आणि तिच्या आत किती जण आहेत, हे विचारणे अधिक उपयोगाचे.

रिझर्व्ह बँकेने वित्तीय क्षेत्रासाठी स्वतःचा क्लाउड उभारण्याची घोषणा डिसेंबर २०२३ मध्ये केली. तो सुरुवातीला तिची उपकंपनी आयएफटीएएसने चालवायचा, असे ठरले. लहान बँकांना त्याचा आधार होऊ शकतो. तथापि तेथेही प्रत्येक बँकेचे आवार स्वतंत्र आणि त्या आवाराच्या आतल्या खोल्या ज्या त्या बँकेने ठरविलेल्या, अशीच रचना असावी लागेल. सरकारी पाटी लावल्याने सबनेट आपोआप पडत नाहीत. महाराष्ट्राने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाउडचे धोरण देशात सर्वप्रथम जाहीर केले, त्याला तीन वर्षे झाली असतानाच एमआयडीसीवरचा हल्ला झाला, हे विसरून चालणार नाही.

खर्च किती, अडते कोठे?

विभागणी महाग पडते म्हणून केली जात नाही, असा एक युक्तिवाद असतो. तो अर्धाच खरा आहे. खासगी जाळे, सबनेट, मार्गांचे तक्ते आणि दारांवरचे नियम यांना ॲमेझॉन पैसे आकारत नाही. खर्च येतो तो खासगी सबनेटमधील यंत्रांना सॉफ्टवेअर अद्ययावत करण्यापुरते बाहेर जाऊ देणाऱ्या 'नॅट गेटवे'चा. त्याचे भाडे तासावर आणि वाहतुकीवर असते, महिन्याला काही हजार रुपये. पाच-सहा हजारांच्या मासिक बिलात हा आकडा डोळ्यांत भरतो. मग तो वाचविण्यासाठी सर्व यंत्रे सार्वजनिक सबनेटमध्ये टाकली जातात. येथे एक बदल मात्र नोंदवायला हवा. फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉन प्रत्येक सार्वजनिक पत्त्यामागेही तासाने पैसे घेऊ लागली आहे, त्यामुळे सगळी यंत्रे उघड्यावर ठेवणेही आता फुकट राहिलेले नाही.

खरी अडचण पैशाची कमी आणि जबाबदारीची जास्त आहे. संस्था समजते, पुरवठादार बघतो. पुरवठादार समजतो, क्लाउड कंपनी बघते. क्लाउड कंपनीने करारात आधीच लिहून ठेवलेले असते की आतले तुम्ही बघायचे. इमारत बांधताना नगररचना विभागाकडे नकाशा द्यावा लागतो, विद्युत जोडणीला आराखडा लागतो, पण ज्या जाळ्यात हजारो खातेदारांची माहिती आहे, त्याचा एक पानी नकाशाही संस्थेच्या कपाटात नसतो. तो बनविणाऱ्या मुलाच्या लॅपटॉपवर असतो आणि तो मुलगा पुढच्या वर्षी पुण्याला जातो.

घाईत केलेली मांडणी पुढे कशी नडते, याचे एक उदाहरण विलीनीकरणाचे. राज्यातील सहकारी बँका एकमेकींत विलीन होत आल्या आहेत. दोन बँकांनी एकच पत्तापट्टी, तयार मिळालेली १७२.३१ किंवा सवयीची १९२.१६८, वापरलेली असेल, तर त्यांची खासगी जाळी सरळ जोडता येत नाहीत. दोन घरांचा क्रमांक एकच, टपाल कोठे द्यायचे? जाळ्याची मूळ पट्टी नंतर बदलण्याची सोय नसल्यामुळे यंत्रे नव्या जाळ्यात हलवावी लागतात किंवा मधे पत्ते बदलून देणारी तात्पुरती यंत्रणा बसवावी लागते. अशी तात्पुरती यंत्रणा पुढे वर्षानुवर्षे राहते. सुरुवातीला दहा मिनिटे विचार करून वेगळी पट्टी निवडली असती, तर हे सारे टळले असते.

आता यात कायद्याची भर पडली आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहितीच्या संरक्षणासाठी वाजवी उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. बँक, पतसंस्था, प्रयोगशाळा, शिकवणी वर्ग असा भेद या कलमात नाही. बाहेरच्या कंपनीकडून काम करून घेतले, तरी दायित्व माहिती गोळा करणाऱ्याकडेच राहते. नियमांत सांकेतिकरण, प्रवेशावर नियंत्रण, नोंदींचे जतन, बॅकअप आणि माहिती हाताळणाऱ्या कंपनीशी करायच्या करारातील सुरक्षेच्या अटी यांचा उल्लेख आहे. 'सबनेट' हा शब्द त्यात नाही आणि असण्याचे कारणही नाही. पण प्रवेशावर नियंत्रण ठेवले, हे दाखवायचे झाले तर कोणत्या यंत्राला कोठून पोहोचता येत होते, याचा नकाशा पुढे करावाच लागेल. हल्ला झाल्यास सहा तासांत कळवावे आणि नोंदी १८० दिवस जपाव्यात, असा सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेचा आदेश एप्रिल २०२२ पासून आहेच. त्या नोंदी ज्या सर्व्हरवर असतात, तोच कुलूपबंद झाला तर कळविणार काय?

नियमांतील मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास अधिसूचनेपासून अठरा महिन्यांची मुदत आहे. ती मे २०२७ मध्ये संपते. बहुतेक संस्थांचे पुरवठादारांशी असलेले करार वर्षाचे असतात, म्हणजे या मुदतीत किमान एकदा तरी ते नूतनीकरणासाठी टेबलावर येतील. त्या वेळी किंमतपत्रकाबरोबर जाळ्याचा नकाशा मागता येईल. कोणते सबनेट सार्वजनिक, कोणते खासगी, डेटाबेसच्या दारावर कोणते नियम, ३३८९ बंद आहे की उघडे, बॅकअप कोणाच्या किल्लीखाली आणि त्यावरून माहिती परत उभी करण्याचा सराव शेवटचा कधी झाला, एवढ्या नोंदी असलेला तो एक कागद. संस्थेच्या वार्षिक सभेत इमारत दुरुस्तीच्या खर्चावर तासभर वाद होतो. हा कागद त्याच सभेत ठेवला, तर त्यावर प्रश्न विचारण्यासाठी संगणक अभियंता असण्याची गरज पडू नये.